व्हाइट सॉक्स हरतात आणि झोप माझी उडते: काय करू?

प्रश्न थोडक्यात असा. शिकागोच्या एका उपनगरात राहणारे, मूळ नाशिकचे, आयटीतले एक गृहस्थ. मुलाच्या लिटल लीगमुळे (लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेमुळे) बेसबॉलची गोडी लागली आणि घरचा संघ म्हणून त्यांनी व्हाइट सॉक्स धरला. त्यानंतर २०२३ मध्ये १०१ पराभव, २०२४ मध्ये १२१, २०२५ मध्ये १०२. ओळीने सहा-सात सामने गेले की यांची झोप जाते, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये लक्ष नसतं, घरात आवाज चढतो. बायको म्हणते, "एवढा त्रास होतो तर बघता कशाला?" दहा वर्षांचा मुलगा रडतो. ऑफिसातले कब्सवाले, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे चाहते, सकाळी मुद्दाम स्कोअर विचारतात. सोडून द्यावं, की निष्ठा म्हणून सोसत राहावं?

मी समुपदेशन करतो. माझ्याकडे खेळाडू येतात, शाळकरी खेळाडूंचे आईवडील येतात. "माझा संघ हरतो" म्हणून मात्र कुणी येत नाही. माणूस झोप लागत नाही म्हणून येतो, नवरा-बायकोत वाजतंय म्हणून येतो, आणि काही भेटींनंतर लक्षात येतं की वाजण्याचे दिवस आणि सामने हरण्याचे दिवस जुळतायत. तेव्हा तुम्ही सरळच विचारलंत हे बरं केलंत. "खेळच तो, मनावर काय घ्यायचं" असं मी सांगणार नाही. ते तुम्हाला घरी सांगून झालेलं दिसतंय.

मला वाटतं तुमचा अर्धा त्रास अपेक्षेच्या चुकीच्या मापामुळे आहे. तुम्ही बेसबॉल क्रिकेटच्या हिशोबाने बघताय. आपल्यापैकी इथे आलेले बहुतेक जण सुरुवातीला तेच करतात. आयपीएलच्या साखळीत एका संघाला चौदा सामने. मुंबई इंडियन्स २०२२ मध्ये पहिले आठ हरले आणि मेच्या आधीच त्यांचा कारभार आटोपला. तिथे एकेक हार निकालासारखी अंगावर येते ते ठीकच आहे. इथे सामने १६२. शंभर जिंकणाऱ्या संघाला लोक भारी म्हणतात, आणि तो बासष्ट वेळा हरलेला असतो. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज खेळायचं म्हटल्यावर हरणं हा रोजचा व्यवहार आहे.

आकडेमोडीतले तुम्ही माणूस, म्हणून एक हिशोब देतो. अगदी मध्यम संघ घ्या, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक, जिंकण्याची शक्यता निम्मी. असा संघ हंगामात कधी ना कधी सलग सहा सामने हरेल याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास येते. त्यात कुणाचा फॉर्म गेलेला नाही, क्लबहाउसमध्ये भांडण नाही, मॅनेजरचं (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचं) काही चुकलेलं नाही. नुसतं नाणं तसं पडलं. २०१७ चे डॉजर्स बघा. ऑगस्टअखेर सुरू झालं ते सतरापैकी सोळा सामने हरले, त्यात अकरा सलग. लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी डोकं धरलं होतं. त्या संघाने हंगामात १०४ सामने जिंकले आणि वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे सातपैकी चार जिंकायच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना खेळला. २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स मेमध्ये १९-३१ (१९ विजय, ३१ पराभव) होते आणि ऑक्टोबरात विजेते. म्हणजे सहा-सात पराभवांची रांग लागली, एवढ्यावरून संघाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

आता खरं बोलायचं तर तुमच्या संघाला हे लागू पडत नाही. २०२४ चे सॉक्स दुर्दैवी नव्हते, वाईट होते. सुरुवातच ३-२२. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हरायला लागले ते ५ ऑगस्टपर्यंत सलग २१. अमेरिकन लीगचा (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी सॉक्सची) बॉल्टिमोरने १९८८ मध्ये केलेला नकोसा विक्रम बरोबरीला आला. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ ने सुटले, आणि दोनच दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना घरी पाठवलं. चारातला एक सामना जिंकणाऱ्या संघावर हंगामात कुठेतरी असे सलग २१ पराभव येण्याची शक्यता माझ्या हिशोबाने आठ टक्क्यांच्या घरात आहे. कमी आहे, पण शाप-बिप मानावा इतकी कमी नाही. हे अशासाठी सांगतो की रांग लांबली की माणूस कारणं शोधायला लागतो, आणि ती स्वतःपाशी येऊन थांबतात: मी बघतो तेव्हाच हरतात, तो काळा टीशर्ट घातला की हरतात. शिकलीसवरलेली माणसं माझ्यासमोर बसून हे गंभीरपणे बोलतात. एकवीस सामने संघ स्वतःच्या पिचिंगने (म्हणजे गोलंदाजीने) आणि फलंदाजीने हरला. तुमच्या टीशर्टाचा त्यात हात नाही.

बॉल्टिमोरचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण चाहत्यांनी काय केलं ते तिथे फार छान दिसतं. १९८८ चे ओरिओल्स हंगामाच्या पहिल्या दिवसापासून हरत सुटले. सहा सामन्यांनंतर मॅनेजर कॅल रिपकन सीनियर यांना काढलं (त्यांची दोन मुलं त्याच संघात खेळत होती, ही वेगळीच गोष्ट), फ्रँक रॉबिन्सन आले, तरी हरणं चालूच. ०-२१. तिथल्या एका रेडिओ स्टेशनचा निवेदक बॉब रिव्हर्स याने संघ जिंकेपर्यंत माइक सोडणार नाही असं जाहीर केलं आणि बिचारा २५८ तास स्टुडिओत अडकला. झोपेच्या बाबतीत त्याचा कित्ता गिरवू नका. शेवटी २९ एप्रिलला त्यांनी पहिला सामना जिंकला, ९-० असा, आणि कुणाविरुद्ध? शिकागोत, तुमच्याच व्हाइट सॉक्सविरुद्ध. पुढचे दोन पुन्हा हरून १-२३ अशा अवस्थेत संघ घरी परतला, तर २ मेच्या रात्री मेमोरियल स्टेडियमवर ५०,४०२ लोक जमले होते. त्या संघाने पुढे १०७ सामने हरून हंगाम संपवला. म्हणजे ते पन्नास हजार लोक चमत्काराच्या आशेने आलेले नव्हते. वर्षाची वाट लागली आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तरी एक संध्याकाळ एकत्र घालवावीशी वाटली. पुढच्या वर्षी ओरिओल्स शेवटच्या आठवड्यापर्यंत पहिल्या क्रमांकाच्या झुंजीत होते, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

आणि इथेच मी माझ्या काही सहकाऱ्यांपासून वेगळा पडतो. "पुढचं वर्ष आपलं" हा सल्ला मी देत नाही. कधीकधी पुढचं वर्ष आपलं नसतं. पिट्सबर्गचे पायरेट्स १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं निम्म्यापेक्षा कमी सामने जिंकले. त्या काळात जन्मलेली मुलं कॉलेजात गेली. तुमच्या संघाचं तर नशीब असं की १२१ पराभवांनंतर नवोदितांच्या निवडीत पहिला नंबर मिळावा, तोही नियमाने हुकला. मोठ्या उत्पन्नाच्या संघाला पहिले नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत लागोपाठ दोन वर्षं घेत नाहीत, म्हणून २०२५ मध्ये सॉक्सची पाळी दहावी. हरण्याचं एवढंसं बक्षीस असतं, तेही गेलं. तेव्हा आशेवर तग धरायला गेलात तर दर एप्रिलमध्ये नव्याने तुटाल.

मनाचं काय होतं ते आता. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: सात विद्यापीठांत त्यांनी पाहिलं की अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचे टीशर्ट-जॅकेट घालून येतात, आणि सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर "आपण" म्हणतात, हरल्यावर "ते". हलका चाहता असा अंग काढून घेतो आणि सुखी राहतो. ज्याचा जीव खरोखर गुंतलाय त्याला ते जमत नाही, आणि तुम्ही त्यातले. इंडियाना विद्यापीठात १९९२ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत संघाला हरताना पाहिलेल्या कट्टर चाहत्यांना विचारलं: तुम्हाला ही शब्दकोडी सुटतील का, ही मुलगी तुमच्याबरोबर बाहेर यायला हो म्हणेल का? जिंकताना पाहिलेल्यांपेक्षा त्यांनी स्वतःला कमी लेखलं. संघ कुठे बास्केटबॉल हरतोय, आणि याला वाटतंय मला कोडं सुटणार नाही. तुमच्या सकाळच्या मीटिंगमध्ये हेच होतंय. तिथे गप्प बसण्याचं कारण रात्रीच्या नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये असू शकतं. हे नुसतं ओळखलं तरी पकड थोडी ढिली होते.

दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी अमेरिकन फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांकडच्या घरगुती हिंसेच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. घरचा संघ जिंकणार असा सगळ्यांचा अंदाज असताना तो हरला, तर त्या भागात पुरुषांकडून घरातल्या बाईवर हात उगारला जाण्याचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढलं. चुरशीचा होईल असं धरलेला सामना हरल्यावर तशी वाढ नव्हती. हरण्यापेक्षा अपेक्षाभंग जास्त घातक, असा त्याचा अर्थ मी घेतो. तुम्ही लिहिलंय "आवाज चढतो". तेवढ्यावरच असेल तर आताच थांबवता येईल. बायको-मुलगा तुमचा मूड बघून खोलीत यायचं की नाही हे ठरवत असतील, भांडी आपटली जात असतील, किंवा प्रकरण हातापर्यंत गेलं असेल, तर बेसबॉल बाजूला ठेवा आणि माझ्यासारख्या कुणाला तरी समोरासमोर भेटा. त्यावर लेखी सल्ला पुरा पडत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं अपेक्षेबद्दल आहे. सामना लावायच्या आधी दोन मिनिटं काढून बघा आज पिचर कोण, समोर कोण, आणि स्वतःशी ठरवा: आज जिंकायची शक्यता किती? तीस टक्के म्हणालात तर तीस टक्क्यांचा सामना बघायला बसा. "आज तरी" हे शब्द मनात येतात तेव्हाच रात्रीचं भांडण सुरू झालेलं असतं.

दुसरं झोपेचं, आणि ते सोपं आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे बरेचसे सामने शिकागोत पावणेनऊच्या आसपास सुरू होतात आणि अकरा वाजून जातात. ते बघू नका. सकाळी निकाल वाचा. पिच क्लॉक (चेंडू टाकायची वेळमर्यादा) आल्यापासून सामना दोन तास चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर आटोपतो, तरी सगळे १६२ बघायचे म्हटलं तर चारशेवर तास होतात. नोकरीचे दहा आठवडे. कुठलाही संघ एवढं मागत नाही. आठवड्यातले दोन-तीन ठरवून बघा, बाकीचे रेडिओवर, भांडी घासताना, गाडीत. रेडिओचा एक फायदा असा की हात रिकामे नसतात, आणि पाच धावांनी मागे पडल्यावर माणूस टीव्हीसमोर जसा खुर्चीला चिकटून धुमसतो तसं होत नाही. सामन्यानंतर फोनवर मात्र जाऊ नका. तिथे तुमच्यासारखेच चिडलेले लोक असतात, आणि एकाची ठिणगी दुसऱ्याला लागत रात्रीचा एक वाजतो.

रांग चालू असताना झोपण्यापूर्वी उद्या काय काय करायचंय ते कागदावर लिहा: साडेआठचा कॉल, मुलाचा दंतवैद्य, किराणा. हा घरगुती उपाय नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या फुटबॉल चाहत्यांवर टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात दिसलं की हरण्याचं दुःख किती दिवस टिकेल हे लोक वाढवून सांगतात, आणि ज्यांना आधी पुढच्या दिवसांतली साधी कामं लिहायला लावली त्यांचे अंदाज जमिनीवर आले.

मुलाबद्दल. दहा वर्षांचं पोर संघ हरला म्हणून रडतं त्यात बिघडलं काहीच नाही. ते तुमच्याकडे बघून रडतंय का एवढं बघा. त्याला स्कोअरकार्ड भरायला शिकवा. हा माझा आवडता उपाय आहे आणि तो मोठ्यांनाही चालतो. प्रत्येक बॅटरला एक चौकोन, प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवाला ३, दुसऱ्याचा ४, तिसऱ्याचा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६. जमिनीवरचा चेंडू शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोघं बाद: ६-४-३. बॅट फिरवून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला तर के, नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. मुलांना तो उलटा के फार आवडतो. नऊ-दोनने मागे असताना सातव्या इनिंगमध्ये लोक उठून ३५व्या रस्त्याच्या रेड लाइन ट्रेनच्या स्टेशनकडे चालू लागतात, आणि पेन्सिल हातात असलेला पोरगा म्हणतो, थांब बाबा, हा बॅटर आधी दोनदा उलटा के झालाय. त्याचं लक्ष आता खेळावर आहे. स्कोअरबोर्डवरचा निकाल त्याच्या कागदावरच्या चाळीस चौकोनांपैकी एकाही चौकोनात मावत नाही.

तसाच एखादा खेळाडू निवडा. वाईट संघातही एक-दोन माणसं बघण्यासारखी असतातच. २०२४ च्या त्या भयंकर संघात गॅरेट क्रोशे होता: १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट. (डिसेंबरात त्याला बॉस्टनला देऊन टाकलं, हेही खरं.) २०२५ मध्ये कोल्सन माँटगॉमेरी जुलैत खालच्या संघातून वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन मारले. पुढच्या वेळी मैदानावर गेलात तर चेंडूच्या मागे न जाता नुसतं शॉर्टस्टॉपकडे बघा. पिचरचा हात वर गेला की तो पुढे झुकतो, चेंडू प्लेटपाशी पोचतो त्या क्षणी दोन्ही पायांवर इवलीशी उडी घेतो, म्हणजे कुठल्याही बाजूला सुटता यावं. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही तरी प्रत्येक पिचला ती उडी. हरणाऱ्या संघाचा आहे म्हणून ती कमी होत नाही.

पैसे लावता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारतो, कारण हल्ली विचारावंच लागतं. इलिनॉयमध्ये २०२० पासून फोनवरून खेळांवर कायदेशीर पैज लावता येते. झोप उडण्यामागे तेही असेल तर वरचं सगळं बिनकामाचं आहे, आधी ते थांबवायला हवं. लाज वाटून घेऊ नका, त्यासाठी वेगळी मदत मिळते.

राग गिळू नका, हेही सांगतो. २०२४ मध्ये सॉक्सचे चाहते स्टँडमध्ये "संघ विका" अशा घोषणा देत होते, १९८१ पासूनचे मालक जेरी रेन्सडॉर्फ यांना उद्देशून. मला तो राग निरोगी वाटतो. तो ज्याच्यावर असायला हवा त्याच्यावर होता आणि तो व्यक्त करायला एक जागा होती. तिकीट न घेणं हाही राग व्यक्त करण्याचा रास्त मार्ग आहे. बिघडतं कधी, तर मालकावरचा राग स्वयंपाकघरात निघतो तेव्हा.

सोडून द्यावं का? एक महिना सोडून बघा. निष्ठेचं ओझं वाहू नका; संघ तुमची हजेरी मांडत नाही. महिन्याने आठवण आली तर परत या, नाही आली तर मुलाच्या लिटल लीगला जा, तिथेही स्कोअरकार्ड चालतं. पण परत आलात तर सप्टेंबरात नक्की या. २०२४ मध्ये १२० पराभवांवर संघ घरी आला तेव्हा आधुनिक काळातला विक्रमी १२१वा बघायला म्हणून लोक गेले, आणि या पठ्ठ्यांनी लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले. १२१वा पुढे डेट्रॉइटला जाऊन हरले, आणि उरलेले दोन जिंकून घरी गेले. शेवटच्या सहापैकी पाच! काय म्हणावं यांना.

राहता राहिले ऑफिसातले कब्सवाले. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, २०१६ काढतील आणि तुम्ही फसाल. शांतपणे विचारा की त्याआधीचं विजेतेपद कधीचं. १९०८. सॉक्सनी २००५ मध्ये ह्यूस्टनला ४-० ने उडवलं तेव्हा कब्सना अजून अकरा वर्षं थांबायचं होतं. आणि फारच ताणलं तर पोप लिओ चौदावे सॉक्सचे चाहते आहेत आणि त्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना बघायला स्टँडमध्ये हजर होते, एवढं सांगून कॉफी घ्यायला निघून जा.